मिरजेला नेलंय

आमच्या बेळगावच्या शहापुरात माझ्या लहानपणी कुणाच्या दुखण्याची चौकशी केली की दोनच तऱ्हेची उत्तरं मिळत. "दवाखान्याला जाऊन आलाय" म्हटलं तर काळजीचं कारण नसे. एक इंजेक्शन, दोन दिवस पेज, संपलं. पण "मिरजेला नेलंय" म्हटलं की विचारणारा तिथंच उंबऱ्याशी टेकायचा. कसलं दुखणं, कुठला डॉक्टर, हे विचारायची गरज राहत नसे. घरातल्या बाईला "जेवलासा काय?" एवढंच विचारायचं आणि संध्याकाळी डबा पाठवायचा, अशी रीत होती.

मिरज आमच्या जिल्ह्यात नाही. १९५६ पासून आमच्या राज्यातही नाही. तरी बेळगाव, गोकाक, रायबाग, चिक्कोडी, अथणी या सगळ्या पट्ट्यातल्या माणसाला, तो मराठी बोलो वा कन्नड, मोठं दुखणं आलं की मिरजच आठवायची. या सवयीच्या मुळाशी एक दवाखाना आहे. पाटीवर त्याचं नाव वानलेस हॉस्पिटल, लोकांच्या तोंडी नुसतं "मिशन". त्या दवाखान्याचं आमच्या घरावर ऋण आहे आणि ते मला कधीतरी लिहून ठेवायचंच होतं.

माझा आज्जा मागावर बसायचा. शहापूर-वडगावात तेव्हा घरटी माग होते. खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि दिवस मावळेपर्यंत धोटा फेकायचा. सूत तुटू नये म्हणून खोली दमट हवी, त्यामुळं खिडकी असली तरी बंद. त्याच खोलीत रात्री सगळं घर झोपायचं. १९५१ च्या पावसाळ्यात आज्जाला रोज संध्याकाळी बारीक ताप यायला लागला, मग खोकला, आणि एक दिवस विणत असलेल्या लुगड्याच्या काठावर रक्त पडलं. आज्जीनं ते लुगडं धुतलं, पण मालकाला दिलं नाही. पैसे भरून घरीच ठेवलं. गल्लीतल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "मिरजेला न्या. उशीर करू नका."

जायचं ते रेल्वेनं. मीटर गेज, कोळशाचं इंजिन. आज्जीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण स्टेशनं तिला अभंगासारखी पाठ होती: सांबरा, सुळेभावी, सुळधाळ, पाच्छापूर, गोकाक रोड, घटप्रभा, चिक्कोडी रोड, रायबाग, चिंचली, कुडची, उगार, शेडबाळ, मिरज. चिंचली आली की मायाक्काला हात जोडायचे. कुडची सुटली की गाडी कृष्णेच्या पुलावर चढायची आणि चाकांचा आवाज बदलायचा. डब्यातली माणसं खिडकीतून नदीत पैसा टाकत. आज्जीनं जाताना कधी टाकला नाही. "जाताना टाकला तर ते मागणं होतंय. येताना द्यावं," असं ती म्हणायची. पहिल्या खेपेला आज्जाला तिकडं ठेवून ती एकटी परत आली तेव्हाही तिनं पैसा टाकला नाही. तो एक आणा तिनं पदराच्या गाठीत बांधला आणि आज्जा शेजारी बसून घरी परतेपर्यंत, म्हणजे चौदा महिने, ती गाठ सोडली नाही. लुगडं बदललं की गाठ नव्या पदरात जायची.

मिशनमध्ये तपासणी झाली आणि आज्जाची रवानगी वानलेसवाडीला झाली. सांगली आणि मिरजेच्या मधला हा माळ. क्षयाच्या रोग्यांसाठी मिशननं तिथं सॅनिटोरियम उभारलं होतं. गावापासून लांब, लांबलचक व्हरांडे, झाडं, मोकळा वारा. आज्जासारख्या, जन्मभर बंद खोलीत बसलेल्या माणसाला पहिले काही दिवस उघड्यावर झोपच येईना. आता वाचून कळतं की त्या काळी खात्रीचं औषध जवळजवळ नव्हतंच. उपचार म्हणजे पडून राहणं, दूध, अंडी, स्वच्छ हवा, आणि झाकणाचा थुंकीचा डबा सतत जवळ. शिवाय "हवा भरणं". बरगड्यांच्या मधून सुई घालून फुप्फुसाच्या बाहेर हवा सोडायची. त्यानं ते फुप्फुस दबतं, त्याला विश्रांती मिळते आणि आतल्या जखमेला भरून यायला सवड मिळते. ही हवा हळूहळू जिरते, म्हणून थोड्या दिवसांनी पुन्हा भरायची. आज्जा हे सगळं फार शांतपणे सांगायचा. म्हणायचा, "आमच्या मागाला वंगण, तसं ते."

शेवटच्या महिन्यांत त्याला स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं मिळाली. हे औषध १९४३ मध्ये सापडलं आणि क्षयाच्या इतिहासाची दिशा बदलली. १९५२ मध्ये आयसोनियाझिडची गोळी आली, तीही स्वस्त, आणि मग ते लांबलचक व्हरांडे हळूहळू ओस पडायला लागले. स्ट्रेप्टोमायसिननं कानाच्या नसेला इजा होते. आज्जाला पुढं आयुष्यभर डाव्या कानानं कमी ऐकू यायचं. आम्ही पोरं उजव्या बाजूला बसायला भांडायचो.

माझे वडील, आण्णा, तेव्हा सात वर्षांचे होते. मुलांना रोग्याजवळ सोडत नसत. आज्जी त्यांना एकदाच घेऊन गेली, तेव्हा एका सिस्टरनं त्यांना कडुनिंबाखाली उभं केलं आणि लांब व्हरांड्यातल्या एका कॉटकडं बोट दाखवलं. त्या कॉटवरच्या माणसानं हात वर केला. "तेच बाबा?" असं आण्णांनी विचारलं, कारण अंतर फार होतं आणि आज्जाचं अंग भरलं होतं. घरी असताना त्यांनी बापाच्या गालांत मांस पाहिलंच नव्हतं. ती सिस्टर आज्जीशी मराठीत आणि शेजारच्या अथणीच्या बाईशी कन्नडमध्ये बोलायची. वाक्य एका भाषेत सुरू होऊन दुसरीत संपायचं, आणि त्यात कुणाला काही वेगळं वाटत नसे.

हा दवाखाना सुरू कसा झाला, त्याची गोष्ट मला मोठेपणी वाचायला मिळाली. विल्यम जेम्स वानलेस हा मूळचा कॅनडातला, ओंटारिओ प्रांतातला. न्यूयॉर्कमध्ये डॉक्टर होऊन १८८९ मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे तो हिंदुस्थानात आला. वय जेमतेम चोवीस. मिरज तेव्हा पटवर्धनांचं छोटं संस्थान. संस्थानिकांचा आधार मिळाला आणि १८९४ मध्ये दवाखान्याची इमारत उभी राहिली. तिला पैसा दिला फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स यांनी. हे गृहस्थ बाल्डविन या रेल्वे इंजिनांच्या कारखान्याचे भागीदार. मला ही गोष्ट फार जवळची वाटते. इंजिनं बनवणाऱ्याच्या पैशातून दवाखाना झाला, आणि रेल्वेनंच त्या दवाखान्याला माणसं आणून दिली. मिरज जंक्शन नसतं तर पुण्याकडचा, कोल्हापूरचा, पंढरपूरच्या वाटेवरचा आणि आमच्या बेळगावकडचा रोगी एका दारात आला नसता.

वानलेस शस्त्रक्रियेत निष्णात होता. मोतीबिंदू झालेली माणसं काठी धरून यायची आणि काठी खांद्यावर टाकून जायची, असं जुने लोक सांगत. पण त्याचं मोठेपण मला दुसऱ्या गोष्टीत दिसतं. एकट्यानं किती माणसं बरी करणार, हे त्यानं लवकर ओळखलं. १८९७ मध्ये, म्हणजे मुंबई-पुण्यात प्लेगानं थैमान मांडलं होतं त्याच काळात, मिरजेत डॉक्टर घडवणारं विद्यालय सुरू झालं. मिशनऱ्यांनी चालवलेल्या देशातल्या अगदी सुरुवातीच्या वैद्यकीय विद्यालयांपैकी ते एक. पुढं कुष्ठरोग्यांसाठी दवाखाना झाला, क्षयाचं सॅनिटोरियम झालं, परिचारिकांचं शिक्षण सुरू झालं. कोल्हापुरात त्याच्या पत्नीच्या नावानं मेरी वानलेस हॉस्पिटल उभं राहिलं. जवळजवळ चाळीस वर्षं काम करून तो १९२८ मध्ये निवृत्त झाला. सरकारनं त्याला "सर" केलं. १९३३ मध्ये कॅलिफोर्नियात त्याचं निधन झालं. १९६२ मध्ये मिरजेत वैद्यकीय महाविद्यालय निघालं, तेही याच दवाखान्याच्या आधारानं. आज मिरजेत गल्लोगल्ली दवाखाने दिसतात, त्यांचं बी इथलं आहे.

धर्माचा प्रश्न लोक विचारतात, आणि तो विचारायला हवा. मिशनचा दवाखाना म्हणजे धर्मप्रसार होताच. सकाळी ओपीडीत रोगी बसलेले असताना बायबल वाचलं जायचं, प्रार्थना व्हायची. आज्जी माळकरी. ती हात जोडून ऐकायची आणि मनात विठ्ठल म्हणायची. तिला कुणी कधी काही विचारलं नाही आणि तिची माळही कुणी काढायला लावली नाही. नातेवाइकांना आपापली चूल मांडून रांधायला जागा होती, म्हणून ज्याला त्याला आपलं सोवळं सांभाळता यायचं. मात्र वॉर्डात कॉटला कॉट लागून. विणकराच्या शेजारी इनामदार, त्याच्या पलीकडं चांभार, आणि तिघांनाही ताप बघायला तीच सिस्टर. आमच्या गल्लीत तेव्हा ज्याच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्याच्या शेजारी आज्जा चौदा महिने झोपला. घरी आल्यावर त्यानं गल्लीतल्या पाण्याचे भेद पाळले नाहीत. यावरून घरात खूप बोलणी झाली म्हणे, पण आज्जा ऐकायच्या बाजूचा कान फिरवून बसायचा.

पैशाचं गणित साधं होतं. ज्याची ऐपत आहे त्यानं स्पेशल खोली घ्यायची, पूर्ण पैसे द्यायचे. त्यातून जनरल वॉर्ड चालायचा. बाकी देणग्या. आज्जीनं सगळे मिळून किती पैसे भरले हे तिला सांगता येत नव्हतं. पण एकदा कारकुनानं बिल सांगितल्यावर तिनं गळ्यातली पुतळ्यांची माळ काढून टेबलावर ठेवली होती, आणि त्यानं ती तिच्या हातात परत दिली. "हे असू दे आक्का, माणूस घरी नेताना अंगावर पायजे," असं तो म्हणाला. ती माळ आता माझ्या धाकट्या बहिणीकडं आहे.

आज्जाच्या ट्रंकेत एक्स-रेच्या प्लेटी होत्या. दर वर्षी मिरजेला तपासणीला जायचा, त्यामुळं बऱ्याच साठल्या होत्या. १६ फेब्रुवारी १९८० ला सूर्यग्रहण लागलं. कारवार-अंकोल्याकडं खग्रास होतं. आमच्या गल्लीत दुपारी सगळी दारं बंद, बायकांनी पाण्यात तुळशीची पानं टाकलेली. आज्जा मला घेऊन गच्चीवर गेला. मी नऊ वर्षांची. त्यानं ट्रंकेतली सगळ्यांत जुनी, सगळ्यांत काळी प्लेट काढली आणि माझ्या डोळ्यांपुढं धरली. (एक्स-रेतून ग्रहण बघणं डोळ्यांना सुरक्षित नाही. ते आम्हांला माहीत नव्हतं. आता कुणी करू नये.) आधी बरगड्या दिसल्या, पिंजऱ्यासारख्या. उजवीकडं वर, खांद्याच्या हाडाखाली, एक पांढुरका डाग. आणि त्या बरगड्यांच्या मधल्या काळ्या जागेत कोरीसारखा सूर्य. आज्जा म्हणाला, "ह्ये माझं फुप्फुस बघ. एकावन्न सालचं." कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत त्याचं नाव होतं आणि नावाखाली गाव. मी किती वेळ सूर्याकडं बघितलं आणि किती वेळ त्या डागाकडं, ते आता सांगता येत नाही.

गावाचं नाव लिहिलं होतं तेवढंच, राज्य नव्हतं, हे मला फार पुढं जाणवलं. आज्जाचा जन्म सांगली संस्थानातला, कारण शहापूर सांगलीकरांचं होतं. १९४८ मध्ये संस्थानं विलीन झाली आणि आम्ही मुंबई प्रांतात गेलो. १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात. १९७३ पासून कर्नाटकात. एवढ्या सगळ्या काळात आज्जानं घर बदललं नाही, माग हलवला नाही. सीमेच्या प्रश्नावर माझी मतं आहेत. या भागात मराठी घरात जन्मलेल्या कुणालाही ती असतात, आणि मी ती कधी लपवलेली नाहीत. पण आजारी माणसाबद्दल बोलताना मला ती बाजूला ठेवावीशी वाटतात, कारण आजारी माणसानं ही सीमा कधी मानलीच नाही. रायबागचा कन्नड शेतकरी आजही मिरजेला जातो. उलट बाजूला चंदगड, आजरा, गडहिंग्लजचा मराठी माणूस बेळगावला येतो. केएलई (कर्नाटक लिंगायत एज्युकेशन) संस्था सात शिक्षकांनी १९१६ मध्ये बेळगावात सुरू केली. तिचं वैद्यकीय महाविद्यालय १९६३ चं, आणि आज तिथल्या रुग्णालयाच्या आवारात गोव्याच्या आणि कोल्हापूरच्या नंबरच्या गाड्या उभ्या असतात. चंदगडची म्हातारी कन्नड सिस्टरला "बाई, हितं कळ मारतीया" म्हणते आणि सिस्टर बरोबर तिथंच हात ठेवते. सत्तर वर्षांपूर्वी वानलेसवाडीत होतं तेच आता आमच्याकडं उलट्या दिशेनं चाललंय. हे बघून मला बरं वाटतं.

म्हणूनच २०२० चा मे महिना मला विसरता येत नाही. माझी मावशी उगारला राहते. तिचं डायलिसिस मिरजेतल्या एका दवाखान्यात, आठवड्यातून दोनदा. उगारहून कागवाड, मग सीमेपलीकडं म्हैसाळ, मिरज, तास-पाऊण तासाची वाट. टाळेबंदीत दोन्ही राज्यांचे नाके बसले, दोन्हीकडचे पास वेगवेगळे. दोन खेपा निभावल्या. तिसऱ्या खेपेला नाक्यावर पास चालेना. तिथल्या माणसानं कागद उलटासुलटा केला आणि "वर विचारतो" म्हणून गेला. मावसभाऊ गाडीतून उतरून उन्हात उभा, मावशी मागच्या सीटवर आडवी. डायलिसिस एक दिवस पुढं ढकललं की काय होतं, हे घरात तसा रोगी असलेल्यालाच माहीत. लघवीवाटे जाणारं पाणी अंगातच साठतं, पाय फुगतात, मग छातीत पाणी होतं. पोटॅशियम वाढलं की हृदय थांबूही शकतं. मावशीच्या पायात त्या दिवशी पैंजण रुतले होते. दोन तासांनी त्यांना परत फिरवलं. रात्री ओळखीनं दुसरीकडं, तिप्पट लांब, सोय झाली. मावशी वाचली. नाक्यावरच्या त्या माणसाला मी दोष देत नाही, त्याच्या हातात एक कागद होता आणि त्या कागदावर पलीकडचं गाव दुसऱ्या देशासारखं लिहिलं होतं. पण मावसभाऊ फोनवर जे म्हणाला ते माझ्या कानात राहिलंय: "आक्का, म्हैसाळचं पाण्याचं टाकं हितनं दिसतंय गं."

२०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, तेव्हा कर्नाटक सरकारनं हरकत घेतली. दोन्ही बाजूंची भाषणं मी ऐकली. माझं मागणं एवढंच आहे: इकडचं कार्ड तिकडच्या दवाखान्यात आणि तिकडचं इकडं, विनातक्रार चालावं. फक्त मराठी गावांसाठी नको, शेडबाळच्या कन्नड माणसालाही मिरजेत आणि चंदगडच्या मराठी माणसालाही बेळगावात. पैसे कोणत्या सरकारनं कुणाला द्यायचे ते त्यांनी वर्षाअखेरीस बसून मिटवावं. रोग्याला टेबलापुढं उभं करून मिटवू नये. मिशनच्या कारकुनाला हे कळत होतं.

गेल्या हिवाळ्यात आण्णांना घेऊन मिरजेला गेले. त्यांनी ऐंशी ओलांडली, खोकला महिनाभर जाईना, आणि त्या घरात वाढलेल्या माणसाच्या मनात खोकल्याबरोबर काय येतं ते मला ठाऊक होतं. बेळगावात तपासणी झाली असती. पण त्यांना मिरजच हवं होतं. फोटो काढला, तो आता प्लेटीवर येत नाही, डॉक्टरांच्या पडद्यावर येतो. छाती स्वच्छ होती. नुसती खोकल्याची ॲलर्जी. बाहेर आल्यावर म्हणाले, वानलेसवाडीला जाऊ. रिक्षानं गेलो. आता तिथं दाट वस्ती आहे. ते कुंपणाशी थांबले, झाडं बघत राहिले, आणि कडुनिंब कोणता ते काही त्यांना ओळखता आलं नाही. "उंच झाली सगळी," एवढंच म्हणाले.

परतीच्या गाडीत शेडबाळ गेलं, उगार गेलं, तसे आण्णा उठले आणि दाराकडं चालायला लागले. मी मागोमाग गेले. दाराशी पटका बांधलेला एक म्हातारा शेतकरी उकिडवा बसला होता, रायबागला उतरणारा. आण्णांनी खिशातून दहाचं नाणं काढून मुठीत धरलेलं त्यानं बघितलं. पूल अजून यायचा होता.

"मिरजिगे होगिद्रेनु?" त्यानं विचारलं. मिरजेला गेला होता काय.

"हौद्री," आण्णा म्हणाले. "आराम ऐति." होय, बरं आहे.

म्हातारा उठला, गाठोडं ओढून बाजूला झाला, आणि आण्णांना दांडीशेजारची जागा दिली.